ऑलिम्पस मॉन्सची चढाई : मंगळावरील पर्वतमोहीम कागदावर कशी आखावी

मंगळावरील ऑलिम्पस मॉन्स या ज्वालामुखीची उंची मंगळाच्या शून्य पातळीपासून सुमारे २२ किलोमीटर आहे, म्हणजे समुद्रसपाटीपासून मोजलेल्या एव्हरेस्टच्या जवळजवळ अडीचपट. हा आकडा ऐकताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आभाळात घुसलेला सुळका उभा राहतो आणि मोहिमेची आखणी तिथेच चुकू लागते. या पर्वताचा पाया सुमारे ६०० किलोमीटर रुंद असून त्याने व्यापलेले क्षेत्र अंदाजे ३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास महाराष्ट्राएवढे आहे. इतक्या पसरट पर्वतावर गिर्यारोहकाची खरी कसोटी उंचीपेक्षा अंतर पाहते, आणि त्यातही परतीचे अंतर. पुढील सर्व पायऱ्या हे एक सूत्र धरून लिहिल्या आहेत. माणूस अद्याप मंगळावर पोहोचलेला नसल्यामुळे ही मोहीम कागदावरचीच राहणार आहे. तथापि नकाशे, हवामानाच्या नोंदी आणि पदार्थविज्ञान हे तिन्ही खरे आहेत, त्यामुळे कल्पना कितीही मोकळी सोडली तरी आकडे मोकळे सोडण्याचे कारण नाही.

पायरी पहिली : नकाशा आणि छेदचित्र

अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने तयार केलेली ‘जेमार्स’ ही संगणक प्रणाली आणि नासाचे ‘मार्स ट्रेक’ हे संकेतस्थळ, ही दोन्ही साधने विनामूल्य वापरता येतात. त्यांतील उंचीची माहिती मुख्यत्वे ‘मार्स ग्लोबल सर्व्हेयर’ या यानावरील लेसर उंचीमापकाने मिळवलेली आहे. ‘मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर’वरील ‘हायराइज’ कॅमेरा साधारण ३० सेंटिमीटर प्रति पिक्सेल इतक्या बारकाईने छायाचित्रे घेतो, परंतु त्याच्या चित्रांच्या पट्ट्या अरुंद आहेत आणि त्या सलग नाहीत. त्यामुळे सुमारे ६ मीटर प्रति पिक्सेल तपशिलाची ‘सीटीएक्स’ कॅमेऱ्याची चित्रे पायाभूत धरावीत आणि केवळ अवघड टप्प्यांसाठी हायराइजकडे वळावे.

नकाशा मिळाल्यावर सर्वांत आधी पर्वताचा छेद स्वतः काढावा, आणि तो काढताना उभी व आडवी मोजपट्टी एकच ठेवावी. १ सेंटिमीटर म्हणजे २० किलोमीटर असे प्रमाण घेतले, तर पर्वताची रुंदी कागदावर ३० सेंटिमीटर आणि उंची जेमतेम १.१ सेंटिमीटर भरते. प्रसिद्ध होणाऱ्या अनेक त्रिमितीय चित्रांत उंची काही पटींनी वाढवून दाखवलेली असते. ती चित्रे भिंतीवर लावायला उत्तम आहेत, पण त्यांवरून मार्ग आखू नये. मंगळावर समुद्र नसल्यामुळे तेथील शून्य पातळी गुरुत्वाकर्षणाच्या मोजमापांवरून ठरवलेली आहे, हेही लक्षात ठेवावे. प्रत्येक मुक्कामापुढे दोन आकडे लिहावेत : शून्य पातळीपासूनची उंची आणि आदल्या मुक्कामापासूनचा चढ. पहिला आकडा हवेचा दाब सांगतो, दुसरा श्रम सांगतो.

पायरी दुसरी : हंगाम

पृथ्वीवरून मंगळाकडे कमी इंधनात निघण्याची संधी सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते, प्रवासाला ७ ते ९ महिने लागतात आणि परतीची अनुकूल वेळ येईपर्यंत मंगळावर साधारण ५०० दिवस थांबावे लागते. या ५०० दिवसांत चढाईसाठी योग्य हंगाम कोणता, हे धूळ ठरवते. मोठी धुळीची वादळे प्रामुख्याने मंगळाच्या दक्षिण गोलार्धातील वसंत आणि उन्हाळ्यात उठतात, कारण त्या काळात मंगळ सूर्याच्या सर्वांत जवळ असतो. म्हणून चढाई उत्तर गोलार्धाच्या वसंतात किंवा उन्हाळ्यात करावी. मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे हे दोन ऋतू तेथे लांबतात. वसंत सुमारे १९४ आणि उन्हाळा सुमारे १७८ मंगळदिवसांचा असतो. मंगळाचा दिवस २४ तास ३९ मिनिटांचा आहे, त्यामुळे झोपेचे चक्र फारसे बिघडत नाही.

धुळीला कमी लेखू नये. १९७१ मध्ये ‘मरिनर ९’ मंगळाजवळ पोहोचले तेव्हा संपूर्ण ग्रह वादळाने झाकलेला होता आणि त्यातून केवळ चार काळे ठिपके वर डोकावत होते. ऑलिम्पस आणि थार्सिस पठारावरील तीन ज्वालामुखींची ती शिखरे होती. २०१८ च्या वादळात ‘ऑपॉर्च्युनिटी’ या सौरऊर्जेवर चालणाऱ्या गाडीचा संपर्क कायमचा तुटला. उत्तर उन्हाळ्यात धूळ कमी असते, मात्र दुपारी या पर्वतावर बर्फकणांचे पातळ ढग जमतात. दुर्बिणीतून पाहणाऱ्या १९ व्या शतकातील खगोलनिरीक्षकांना ही जागा पांढुरकी दिसे, म्हणून तिला ‘ऑलिम्पसचे हिम’ अशा अर्थाचे नाव मिळाले होते. हे ढग गिर्यारोहकाला त्रासदायक नाहीत. दुपारनंतरचे छायाचित्रण मात्र बिघडवतील.

पायरी तिसरी : उतरण्याची जागा आणि तळछावणी

यान थेट शिखरावर का उतरवू नये, हा प्रश्न प्रत्येक चर्चेत निघतो. मंगळावर उतरणारी याने हवेच्या घर्षणावर आणि हवाईछत्रीवर बराचसा वेग कमी करतात, आणि त्यासाठी डोक्यावर शक्य तितकी जाड हवा लागते. नासाची ‘क्युरिऑसिटी’ ही मानवरहित गाडी शून्य पातळीच्या सुमारे साडेचार किलोमीटर खाली आणि ‘पर्सिव्हिअरन्स’ ही तशीच दुसरी गाडी सुमारे अडीच किलोमीटर खाली उतरली, ती याच कारणाने. ऑलिम्पसच्या शिखरावर हवेचा दाब सुमारे ७२ पास्कल, म्हणजे मंगळाच्या सरासरी दाबाच्या आठव्या हिश्श्याएवढाच असतो; तेथे छत्री जवळपास निरुपयोगी ठरते.

तेव्हा यान पश्चिमेकडील अॅमेझोनिस या सखल व सपाट मैदानाच्या बाजूला उतरवावे. येथे एक अडचण आहे, जी केवळ उंचीचा नकाशा पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. पर्वताच्या भोवती, विशेषतः वायव्येस, शेकडो किलोमीटरपर्यंत कोसळलेल्या खडकांचे उंचसखल पट्टे पसरलेले आहेत. प्राचीन काळी पर्वताच्या कडा ढासळून ते तयार झाले असावेत, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. हे पट्टे ओलांडण्यातच अर्धी मोहीम खर्ची पडेल. म्हणून तळछावणीची जागा ठरवताना आधी कड्यावर चढण्याची वाट निवडावी आणि मग त्या वाटेच्या पायथ्यापासून मागे मोजत यावे.

पायरी चौथी : कडा

ऑलिम्पसचा घेर जवळजवळ सर्व बाजूंनी कड्याने वेढलेला आहे आणि हा कडा काही ठिकाणी ८ किलोमीटरपर्यंत उंच आहे. गिर्यारोहण या शब्दाला साजेसा असा हा या मोहिमेतील बहुधा एकमेव भाग. हौशी आराखड्यांत हमखास सर्वांत उंच आणि सर्वांत खड्या भागावर बोट ठेवले जाते. माझ्या मते तो मोह टाळावा. ईशान्येकडे आणि नैर्ऋत्येकडे काही ठिकाणी लाव्हाचे प्रवाह कड्यावरून खाली ओघळून गोठले आहेत आणि त्यांनी कडा जणू बुजवला आहे. सह्याद्रीत भटकणारा माणूस गडावर जाण्यासाठी कडा सोडून सोंड, म्हणजे हळूहळू उतरत गेलेली डोंगराची धार, शोधतो; येथेही तेच करावे. अशा उतारावरून दोर न लावता, कदाचित गाडीसकट वर जाता येईल, आणि गाडी वर पोहोचणे हाच या टप्प्याचा हेतू आहे.

तरीही कल्पनेत कड्याचे प्रस्तरारोहण करायचेच असेल, तर पुढील गोष्टी हिशेबात धराव्यात. हा खडक बेसाल्ट आहे आणि कड्यात लाव्हाचे थर एकावर एक उघडे पडलेले दिसतात. सह्याद्रीतील कातळाशी परिचय असलेल्यांना अशी थरांची रचना नवी नाही : टणक कातळाच्या पट्ट्यात मेख पक्की बसते, पण दोन प्रवाहांच्या सांध्यात काय दडले आहे ते ठोकून पाहिल्याशिवाय कळत नाही. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के असल्यामुळे १० मीटरवरून पडलेला माणूस ज्या वेगाने जमिनीवर आदळेल, तो पृथ्वीवर सुमारे ३.८ मीटरवरून पडल्यावर येणाऱ्या वेगाएवढाच असेल. हाडे वाचतील, पोशाख वाचेल याची मात्र खात्री नाही. म्हणून दोर, मेखा आणि कॅरॅबिनर (दोर अडकवण्याच्या कड्या) यांची निवड करताना दणका किती बसेल यापेक्षा घासणे किती होईल याचा विचार करावा, गुडघे, कोपर आणि पंजे यांवर जादा आवरण घालावे आणि घसारा असलेल्या घळी पूर्णपणे वर्ज्य मानाव्यात.

पायरी पाचवी : पोशाख आणि श्वास

एव्हरेस्टवर माणूस उंचीशी हळूहळू जुळवून घेतो. ऑलिम्पसवर त्याला काहीच अर्थ नाही. मंगळाच्या पृष्ठभागावरील सरासरी ६०० पास्कल दाबसुद्धा इतका कमी आहे की उघड्या शरीरातील ओलावा शरीराच्या तापमानालाच उकळू लागेल. त्यासाठी ६,३०० पास्कलच्या खाली जाणे पुरेसे असते. तळ असो वा शिखर, माणूस पोशाखातील दाबावरच जगणार आहे. हा दाब शुद्ध प्राणवायूचा, साधारण ३० किलोपास्कल असतो. खरी काळजी वेगळीच आहे : निवाऱ्यातील दाबातून पोशाखाच्या कमी दाबात घाईने गेल्यास रक्तातील नायट्रोजनचे बुडबुडे होतात, पाणबुड्यांना होतो तसा आजार जडतो. त्यासाठी नासाच्या अभ्यासांत सुचवलेला उपाय स्वीकारावा आणि गाडीतील व छावणीतील दाब सुमारे ५६ किलोपास्कल, प्राणवायूचे प्रमाण ३४ टक्के ठेवावे. त्यामुळे बाहेर पडण्यापूर्वीची तयारी तासांवरून मिनिटांवर येते.

वजनाचा हिशेब सुखावह आहे. ७० किलोचा माणूस आणि १०० किलोचा पोशाख मिळून १७० किलो होतात, पण मंगळावर ते पृथ्वीवरील सुमारे ६५ किलोंइतके जाणवतील. वस्तुमान मात्र १७० किलोच राहते; धावत निघाल्यावर थांबणे, वळणे आणि तोल सावरणे हे सर्व त्या १७० किलोंनिशी करावे लागते. शिवाय कमी गुरुत्वाकर्षणामुळे चालण्याचे धावण्यात रूपांतर होण्याचा वेग ताशी ७ किलोमीटरवरून साडेचारच्या आसपास उतरतो, त्यामुळे झपझप चालू पाहणारा माणूस नकळत उड्या मारू लागेल. धारदार लाव्हावर ही सवय घातक आहे.

वाऱ्याला भिण्याचे कारण नाही. हवा इतकी विरळ आहे की ताशी १०० किलोमीटरचा वारा पृथ्वीवरील ताशी १३ किलोमीटरच्या झुळुकेएवढाच जोर लावील. थंडीसुद्धा हवेपेक्षा तळव्यांतून अधिक शिरते, म्हणून बुटांच्या तळाचे उष्णतारोधन उत्तम असावे. सरासरी तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि रात्री ते त्याहून बरेच खाली जाते.

थार्सिस आणि अॅमेझोनिस हे मंगळावरील सर्वांत धुळकट प्रदेशांपैकी आहेत. ‘फिनिक्स’ यानाला २००८ मध्ये मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट क्षार सापडले आणि ते थायरॉइड ग्रंथीला अपायकारक असतात. यासाठी पोशाख गाडीच्या बाहेरच्या अंगाला टांगलेला राहील आणि माणूस आतून पाठीमागच्या दारातून त्यात शिरेल, अशी रचना निवडावी. धूळ आत येऊ न देणे हे ती आत आल्यावर झाडण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

पायरी सहावी : शिदोरीचा हिशेब आणि परतीची मर्यादा

या लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. अपोलो मोहिमांत चंद्रवीरांकडे गाडी असली, तरी ती बंद पडल्यास उरलेल्या प्राणवायूवर पायी परतता येईल तेवढेच दूर जाण्याचा नियम होता. ‘अपोलो १७’चे अंतराळवीर त्यामुळे आपल्या यानापासून सुमारे साडेसात किलोमीटरच दूर गेले. ऑलिम्पसच्या कड्याच्या माथ्यापासून शिखरापर्यंत, वाटेप्रमाणे, अडीचशे किलोमीटरच्या आसपास जावे लागते. येथे पायी परतण्याचा नियम पाळणे अशक्य आहे. म्हणून दोन बंदिस्त गाड्या न्याव्यात, एकीत सर्वांना सामावून घेण्याची सोय ठेवावी, आणि एक गाडी कायमची बंद पडली त्या क्षणी, शिखर नजरेच्या टप्प्यात असले तरी, परत फिरावे.

चार जणांची तुकडी धरू. वर जाताना दिवसाला ३० किलोमीटर या वेगाने ९ दिवस, शिखरभागात ३, उतरताना ७ आणि अडकून पडण्यासाठी राखीव ६, असे २५ दिवस होतात. एका माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो प्राणवायू लागतो. म्हणजे श्वासासाठी ८४ किलो, आणि दारे उघडण्यात व गळतीत जाणारा प्राणवायू वेगळा. पिण्याचे व अन्नातील पाणी मिळून माणशी साडेतीन किलो धरल्यास पुनर्वापराशिवाय ३५० किलो. हा प्राणवायू वाटेत बनवता येईल का? ‘पर्सिव्हिअरन्स’वरील ‘मॉक्सी’ या उपकरणाने मंगळाच्या हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून तासाला जास्तीत जास्त १२ ग्रॅम प्राणवायू तयार करून दाखवला, तर एका माणसाची गरज तासाला ३५ ग्रॅम आहे. शिवाय वर जावे तसा कच्चा माल असलेली हवाच विरळ होत जाते. त्यामुळे प्राणवायूचा कारखाना तळावर ठेवावा आणि वर फक्त भरलेल्या टाक्या न्याव्यात.

विजेचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. ६ टनांची गाडी १४ किलोमीटर उंच नेण्यासाठी लागणारी ऊर्जा सुमारे ८७ युनिट भरते. त्याच गाडीला मऊ जमिनीवरून २५० किलोमीटर पुढे ढकलण्यासाठी, चाकांचा अडथळा वजनाच्या १५ टक्के धरल्यास, सुमारे २३० युनिट लागतात. चढापेक्षा चाल अडीचपटीहून महाग पडते. ज्यांना अजूनही ही मोहीम उंचीची वाटते, त्यांनी हे गणित स्वतः एकदा करून पाहावे.

या हिशेबावरून साठवणीची ठिकाणे ठरवावीत. दर ४० किलोमीटरवर एक साठा ठेवावा, त्यात चार जणांना पाच दिवस पुरेल इतका प्राणवायू, पाणी आणि चार्ज केलेली बॅटरी असावी, आणि हे साठे मानवरहित गाड्यांनी मुख्य तुकडी निघण्यापूर्वीच वर पोहोचवावेत. मंगळावर सूर्यप्रकाश पृथ्वीच्या सुमारे ४३ टक्केच पडतो आणि सौरपट्ट्यांवर धूळ बसते, म्हणून तळावर छोटी अणुभट्टी गृहीत धरणे अधिक शहाणपणाचे.

पायरी सातवी : दिशा आणि संपर्क

होकायंत्र घरीच ठेवावे. मंगळाला ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही. ध्रुवताराही उपयोगाचा नाही, कारण मंगळाचा अक्ष आकाशात हंस तारकासमूहातील डेनेब ताऱ्याच्या बाजूला रोखलेला आहे. सरळ उभ्या माणसाचे क्षितिज तेथे केवळ ३.४ किलोमीटरवर असते, त्यामुळे एका छावणीचा दिवा दुसरीला दिसणार नाही आणि सरळ रेषेत जाणारा रेडिओसंदेशही पोहोचणार नाही. कड्याच्या माथ्यावर आणि प्रत्येक साठ्यावर पुनर्प्रक्षेपक मनोरे उभारावेत. पृथ्वीला संदेश पोहोचण्यास ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणून दोर कापायचा की नाही यासारखे निर्णय पृथ्वीवर विचारू नयेत. अधिकार कोणाचा, हे निघण्यापूर्वी लेखी ठरवावे.

पायरी आठवी : लांबलचक उतार

कडा मागे पडल्यावर चढ बहुतेक ठिकाणी ५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. पर्वतावर आहोत असे वाटणारच नाही, आणि सलग नऊ दिवस तोच पिवळसर तांबडा उतार पाहून येणारा कंटाळा हा इथला धोका आहे. लाव्हाच्या प्रवाहांचे काठ, कोसळलेल्या लाव्हाबोगद्यांच्या रांगा आणि धुळीने भरलेले खड्डे गाडीला अडवतात. दर तासाला चालक बदलावा, आणि पुढच्या गाडीच्या चाकोरीतूनच मागच्या गाडीने यावे.

‘क्युरिऑसिटी’ने गेल विवरात मोजलेला किरणोत्सर्ग दिवसाला सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट होता. उंचीवर डोक्यावरचे हवेचे पांघरूण आणखी पातळ होते, त्यामुळे सौरवादळाची सूचना मिळताच आसरा घेता येईल अशा जागा नकाशावर आधीच खुणावून ठेवाव्यात. लाव्हाबोगदे यासाठी आकर्षक वाटतात, पण तेथे जीवसृष्टीच्या खुणा असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. माणसाबरोबर आलेले जंतू तेथे नेणे टाळावे, हा ग्रहसंरक्षणाचा संकेत कल्पनेतही पाळावा. शक्य तेथे गाडीभोवती पाण्याच्या टाक्या रचून आडोसा करावा.

वाटेत ‘कर्झोक’ नावाचे सुमारे १५ किलोमीटर व्यासाचे विवर लागेल अशी वाट निवडता येते. मंगळावरील लहान विवरांना पृथ्वीवरील छोट्या गावांची नावे देण्याची पद्धत आहे आणि कर्झोक हे लडाखमधील त्सो मोरिरी सरोवराकाठचे गाव आहे. शिखराजवळच्या दुसऱ्या विवराला एव्हरेस्टच्या वाटेवरील पांगबोचे या नेपाळी गावाचे नाव दिलेले आहे.

पायरी नववी : शिखर आणि परतीचा प्रवास

शिखरावर टोक नाही. तेथे सुमारे ८० किलोमीटर लांब आणि ६० किलोमीटर रुंद असे खोलगट मुख आहे, ते एकमेकांत मिसळलेल्या सहा खळग्यांचे बनले आहे आणि काही ठिकाणी ३ किलोमीटरहून खोल आहे. सर्वोच्च बिंदू डोळ्यांनी ओळखता येणार नाही. उपकरणाने मोजूनच तो ठरवावा. तेथून कड्याचा पायथाही दिसणार नाही, कारण पर्वताचाच फुगीर उतार आड येतो. मुखात उतरण्याचा विचार सोडून द्यावा. त्याच्या भिंती खड्या आहेत आणि तेथे घालवलेला प्रत्येक दिवस राखीव सहा दिवसांतून वजा होतो.

शिखरावरचे काम पहाटे करावे. ‘ट्रेस गॅस ऑर्बिटर’ आणि ‘मार्स एक्सप्रेस’ या यानांच्या निरीक्षणांतून २०२४ मध्ये असे जाहीर झाले की थंड ऋतूत या ज्वालामुखींच्या मुखांत पहाटे पाण्याच्या हिमकणांचा थर बसतो आणि सूर्योदयानंतर काही तासांत उडून जातो. तो थर केसाच्या जाडीइतकाही नसतो, त्यामुळे खरवडण्यापेक्षा थंड केलेली धातूची पट्टी रात्रभर बाहेर ठेवून नमुना मिळवावा. त्यासाठी मात्र मोहिमेची तारीख ऋतूच्या थंड टोकाकडे सरकवावी लागेल. धूळ आणि हिम यांत कशाला प्राधान्य द्यायचे, हे नेत्याने ठरवावे. मी धुळीपासून दूर राहणे पसंत करीन. मुखाच्या तळाचे आणि पश्चिम कड्यावरील लाव्हाचे नमुनेही घेण्याजोगे आहेत, कारण विवरांच्या मोजणीवरून मुखाचे तळ १० ते २० कोटी वर्षांपूर्वीचे, तर कड्यावरील काही प्रवाह केवळ २० लाख वर्षांपूर्वीचे असावेत, असा अंदाज २००४ मध्ये मांडला गेला. मुखाचा नमुना भिंतीवरून दोराने उतरणाऱ्या यंत्राकडून घ्यावा.

उतरताना चढताना वापरलेल्याच वाटेने यावे, नवी वाट जवळची दिसली तरीही, कारण साठे जुन्या वाटेवर आहेत. प्रत्येक साठ्यापाशी थांबून उरलेला प्राणवायू गाडीत भरून घ्यावा, रिकाम्या टाक्या बांधून खाली आणाव्यात आणि मनोरा चालू ठेवूनच पुढे जावे. विजेवरील गाडी उतारावर काही ऊर्जा परत मिळवते, मात्र मऊ जमिनीवर ती फार नसते. ती हिशेबात धरू नये. कड्याच्या माथ्यावर पोहोचल्यावर एक पूर्ण दिवस विश्रांती घ्यावी, पोशाखांचे सांधे आणि दोर पुन्हा तपासावेत आणि गाड्या दोरांच्या आधाराने एकेक करून, सकाळच्या उजेडात, खाली सोडाव्यात.

सराव कोठे करावा

हवाई बेटावरील मौना लोआ हाही ऑलिम्पससारखाच पसरट ज्वालामुखी आहे आणि त्याच्या उतारावरील निवाऱ्यात मंगळमोहिमांचे दीर्घ सराव झालेले आहेत. भारतात इस्रोने आयआयटी मुंबई, लडाख विद्यापीठ आणि इतर संस्थांच्या साहाय्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये लेह येथे असाच एक सराव सुरू केला. घरबसल्या सराव करायचा असेल, तर जेमार्समध्ये आपली वाट काढावी, दर १० किलोमीटरवरील उंची नोंदवावी आणि वर दिलेला प्राणवायूचा व विजेचा हिशेब त्या वाटेसाठी नव्याने मांडावा. बहुतेक वाटा या हिशेबात दुसऱ्या किंवा तिसऱ्या साठ्यापाशीच बाद होतात. तेव्हा साठ्यांमधील अंतर कमी करावे किंवा तुकडी चारावरून तिघांवर आणावी आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी.